गिझर आणि सासूबाईंचा टॉवेल

साखरा गावात आमचं नवं न्हाणीघर बांधून झालं तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता. फरशी बसली, नळ बसला, आणि गिझर कोणता घ्यायचा यावर माझ्या नवऱ्याने आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्याचं मत पक्कं झालं होतं: झटपटवाला. बटण दाबलं की लगेच गरम पाणी, टाकी तापवत बसायला नको, वीजही वाया जात नाही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या गहू निवडता निवडता सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हैस घेताना आपण दूध काढून बघतो. मंग ह्यात आंघोळ न करता काहून घ्यायचा?"

नवऱ्याला वाटलं, माय गंमत करून राहिली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीत टॉवेल, साबण आणि एक लुगडं भरलं आणि मला म्हणाल्या, चल. घरात भाकरी कोण करील, असं सासऱ्यांनी विचारलं. तोवर आम्ही निघालो होतो.

पहिला मुक्काम कनेरगाव नाक्याला, आत्याबाईंच्या भाचीकडे. तिच्याकडे झटपट गिझर होता. भाचीने चहा टाकला, तर आत्याबाई म्हणाल्या, चहा मागून, आधी न्हाणी दाखव. तिला वाटलं, प्रवासात काही तकलीफ झाली असेल.

पाणी लगेच गरम आलं, पण धार करंगळीएवढी. बादली भरेपर्यंत आत्याबाईंनी आतूनच भाचीला सगळ्या गावची खुशाली विचारून घेतली. मग केसांना शिकेकाई लावली आणि लाइट गेली. नळाला गार पाणी आलं. शेवटी भाचीने गॅसवर पातेलं तापवलं आणि दाराच्या फटीतून आत सरकवलं. बाहेर आल्यावर आत्याबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की चांगलं आहे, पण लाइटीचं मिंधं आहे.

दुसरा मुक्काम हिंगोलीला, माझ्या माहेरी. हे मीच सुचवलं होतं. तिथे टाकीवाला गिझर होता, ही खरी गोष्ट होती. पण मला माहेरी जायचं होतं, हीही खरीच होती.

माझे वडील शिस्तीचे. त्या दिवशी त्यांना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून सकाळीच टाकी तापवून ठेवलेली. व्याह्यांच्या घरी विहीणबाई आल्या म्हटल्यावर पहिला मान त्यांचा. आत्याबाई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मध्येच लाइट गेली, तरी आतून पाणी ओतल्याचा आवाज येतच राहिला. वडील टॉवेल खांद्यावर टाकून ओसरीत येरझारा घालत होते. आई माझ्याकडे बघत होती, मी छताकडे.

आत्याबाई लालबुंद होऊन बाहेर आल्या. वडील आत गेले, आणि थोड्याच वेळात आतून मोठमोठ्याने देवाची नावं ऐकू यायला लागली. एरवी ते आंघोळीत देवाचं नाव घेत नाहीत. ते बाहेर आले तेव्हा ओठ निळसर झाले होते. आत्याबाईंनी अगदी मनापासून विचारलं, "व्याहीबुवा, पाणी बराबर व्हतं ना?"

वडील म्हणाले, "छान होतं. एकदम ताजं."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

घरी परतलो तर नवरा आणि सासरे शेव-मुरमुरे खात बसले होते. चुलीजवळ करपलेल्या भाकरीचे तुकडे पडले होते. नवऱ्याने झटपट गिझरचे फायदे पुन्हा सांगायला सुरुवात केली. आत्याबाईंनी त्याला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "तू मोबाइलवर बघितलं. मी अंगावर घेतलं. शेतातल्या मोटरी चालू झाल्या की आपल्या घरातला बल्ब लाल व्हतो, त्याच्यावर तुझं झटपट काय तापणार? लाइट असली तवा तापवून ठेवायचं, न्हाई तवा वापरायचं."

नवरा म्हणाला, विचार करतो. तो विचार करायला लागला की महिना जातो, हे मला माहीत होतं. म्हणून मी सहज म्हटलं, सिद्धेश्वर गावाला माझी मावसबहीण राहते, तिच्या छतावर उन्हावर तापणारा बंब आहे. तोही एकदा बघून यायला हवा. बहीण दोन-चार दिवस तरी सोडणार नाही.

आत्याबाईंनी ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. म्हणाल्या, सकाळपर्यंत वाळंल.

सासऱ्यांनी हातातले मुरमुरे खाली ठेवले आणि लेकाकडे बघितलं. नवऱ्याने चप्पल घातली, मोटरसायकल काढली आणि संध्याकाळच्या आत सेनगावहून टाकीवाला गिझर घेऊन आला.

तो बसवला त्या सकाळी चांगलीच थंडी होती. पहिली आंघोळ आत्याबाईंनी केली आणि या वेळी माझ्यासाठी पाणी ठेवलं. केसांवरून वाफ निघत असताना मी दारात उभी राहिले. मावसबहिणीला फोन करून सांगितलं, की येणं जमायचं नाही. तेवढं एक मात्र वाईट वाटलं.