अर्थिंगमामा

दस्तगीरमामा कुणाच्याही घरी चहा घेत नसत. वडगाव निंबाळकरात असा वायरमन दुसरा नव्हता. पाणी मागून घेत, भाकरी दिली तर आवडीने खात. पण चहाचा कप समोर आला की उठून अंगणात जात. मला तो अपमानच वाटायचा.

आमच्या जुन्या स्वयंपाकघरात एकच प्लग. मिक्सर लावायचा तर फ्रिज काढायचा. त्यातून फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून तो चप्पल घालूनच उघडायचा, असा सासूबाईंनी नियम करून टाकला होता. देवघराला लागून चप्पल! शेवटी मी ओट्यावर तीन नवे प्लग घ्यायचं ठरवलं आणि मामांना बोलावलं.

त्यांनी जुना बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावलं.

"वैनी, ह्या तिसऱ्या भोकामागं अर्थिंगची वायरच न्हाय. नुसतं दाखवायला हाय." मग हळूच म्हणाले, "मीच बसवलाय ह्यो, आन् ध्यानातनंच सुटला. तवा वाटायचं, लाइट लागती न्हवं, बास झालं."

अर्ध्या दिवसाच्या कामाला मामांनी चार दिवस लावले. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला, गळका करंट जमिनीत जावा म्हणून तिथून तांब्याची वायर ओट्यापर्यंत आणली, फ्रिजला वेगळी लाइन दिली. "अर्थिंग न्हाय तर प्लग न्हाय," हे पालुपद चालूच. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घाला, हे तर मला दहादा बजावलं. माझं डोकं उठलं. मी वैतागून विचारलं, "मामा, आमचा चहाच तेवढा का चालत नाही?"

मामांनी हातातली वायर खाली ठेवली. मग सांगितलं. कळंबला त्यांनी असाच अर्थिंग नसलेला प्लग बसवला होता. त्या घरच्या सुनेने ओल्या हाताने फ्रिज उघडला, तिथेच कोसळली आणि गेली. मामा दहाव्याला गेले होते.

"मला कुणी बोललं न्हाय, वैनी. कुणाला ठावंच न्हवतं. सासऱ्यानं सोता चहा आणून दिला. त्यो घोट आजून खाली गेला न्हाय."

तेव्हापासून ते तरुणपणी वायरिंग केलेली घरं शोधत मोपेडवर फिरत. लोक हसत, अर्थिंगमामा म्हणत. कुणी दारातूनच परत पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा हजर. या हट्टापायी मला ते फार आवडायला लागले होते. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मोरगावचं एक घर ऱ्हायलंय. कुणाचं, ते आठवंना. तितंबी कुणाची तरी सून आसंल."

दोन दिवसांनी मामा गेले. मी खूप रडले आणि खरं सांगते, घाबरलेही. मोरगावच्या एसटीत बसले की खिडकीतून दिसणारं प्रत्येक घर मला तेच वाटायचं.

गेल्या महिन्यात तिथे एका ओळखीच्या घरी जेवायला थांबले. घरातली सून हात धुऊन ताक काढायला उठली आणि फ्रिजपुढच्या लाकडी पाटावर चढली.

"पाट कशाला गं?"

"झिनझिन्या येत्यात वो, काकू. सासूबाईंच्या टायमाची वायरिंग हाय. वडगावचा कोन वायरमन आलता म्हनं."

तिचा ओला हात फ्रिजच्या दारापाशी पोचला होता. मी "थांब!" म्हणून अशी किंचाळले की जेवणारी सगळी ताटावरून उठली. मेन स्विच कुठे आहे, एवढंच मी विचारत सुटले होते.