थोरलीच्या हातातला डिस्प्ले

थोरलीला पोटदुखी होती, पण डॉक्टरला दाखवण्यातली नव्हे. धाकटी जाऊ घरात आली तेव्हापासूनची ती होती, आणि धाकटी हसली की वाढायची.

तोवर थोरलीचं राज्य होतं. सासऱ्याचं वर्कशॉप घराला लागूनच. अंडी उबवायची यंत्रं तिथं तयार व्हायची: पत्र्याचं कपाट, आत तापणारी कॉइल, पंखा, आणि दारावर आतली ऊब सांभाळणारं सर्किट. पत्रा वाकवायचं काम दोघा भावांकडं, सोल्डरिंग, म्हणजे वितळल्या धातूचा टाका मारून सर्किटचे पाय जोडायचं काम, थोरलीकडं. सासऱ्यानं तिला शिकवलं आणि वर्षभरात तिनं सासऱ्यालाच मागं टाकलं. तिनं मारलेला टाका म्हणजे चिखलात रोवलेला म्हशीचा पाय. गिऱ्हाईक आलं की सासरा सर्किट पालथं करून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आमची थोरली." एवढ्यावर तिचं पोट भरायचं.

मग धाकटी आली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, उंच, सावकाश बोलणारी. तोवर सर्किटवरची चिप, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, बाहेरून प्रोग्राम भरून यायची. धाकटी म्हणाली, प्रोग्राम मीच लिहिते. वर म्हणाली, लाल-हिरवे दिवे कशाला, अक्षरं दाखवणारा डिस्प्ले लावू. ऊब किती, दमटपणा किती, गिऱ्हाइकाला वाचता येईल. सासरा खूश झाला आणि खिडकीजवळचं टेबल धाकटीला मिळालं.

"आजवर अंडी काय वाचून उबत होती?" थोरली नवऱ्याला म्हणाली.

"तुझं काय जातंय?" नवरा म्हणाला. तो पत्र्याचा माणूस. त्याला वाकलेलं तेवढंच कळायचं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं यंत्र पोचवायचं होतं. पिल्लं विकणारं एक जाडजूड गिऱ्हाईक होतं, त्याच्या शेडवर. यंत्राबरोबर घरातलं एक माणूस जायचं, ते सुरू करून द्यायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं. हे काम नेहमी सासऱ्याचं. चार लोक भोवती उभे राहायचे, हा मधे उभा राहून सांगायचा. पण त्याचे गुडघे गेले होते. थोरलीनं मनात धरलं होतं की आता हा मान आपला. सासरा जेवताना सहज म्हणाला, "उद्या धाकटी जाईल." थोरलीच्या हातातला घास तोंडापर्यंत गेलाच नाही.

जेवणं आटोपल्यावर यंत्राला वीज दिली. डिस्प्ले उजळला. वरच्या ओळीत काळे चौकोन उमटले, खालची ओळ कोरी. अक्षर एक नाही.

धाकटीनं मागचा बारका स्क्रू पिळला. चौकोन फिके झाले, गडद झाले, पण चौकोनच राहिले. दुसरा डिस्प्ले लावला. तेच चौकोन.

"काच बदलली तरी तेच," सासरा म्हणाला. "मग काच नाही बिघडलेली."

"वायरिंग बघायला हवं, बाबा," धाकटी म्हणाली.

"वायरिंग माझं आहे," थोरली म्हणाली. सासऱ्यानं भिंगातून टाके पाहिले. वरून सगळे जागच्या जागी.

"टाके नीट आहेत. तुझा प्रोग्राम बघ, पोरी."

"काल माझ्या सुट्या, बिनटाक्याच्या जोडणीवर चालला होता, बाबा."

"मग उद्या तीच घेऊन जा," थोरली म्हणाली. "अंडी मी पदराखाली उबवते."

धाकटी मान खाली घालून लॅपटॉपसमोर बसली. थोरलीला आतून असं गार वाटलं, जसं उन्हातून आल्यावर रांजणाला गाल लावल्यावर वाटतं. ती उगाच दोनदा खिडकीजवळून गेली. धाकटीच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदा जाणार होती, पण तेवढ्यात तेच जाडजूड गिऱ्हाईक आलं.

"यंत्र तयार आहे ना?" त्यानं विचारलं.

सासरा बोलण्यात वेळ काढायला लागला. थोरलीनं सर्किट दारावरून सुटं करून हातात घेतलं, नेहमी धरायची तसं, बोटं कडांना आणि अंगठा मागून, डिस्प्ले ज्यात खोचतात त्या सॉकेटच्या पायांवर. म्हणाली, "मी बघते. द्या वीज."

वीज दिली आणि डिस्प्लेवर लख्ख अक्षरं आली. ऊब, दमटपणा, खाली आकडे.

"हे काय केलंत, ताई?" धाकटी उठून उभी राहिली.

"काही नाही. धरलं."

तिनं सर्किट टेबलावर ठेवलं. आकडे होते तिथंच गोठले. धाकटीनं वीज बंद करून परत दिली, तर चौकोन. थोरलीनं उचललं, पुन्हा वीज दिली, तर अक्षरं. गिऱ्हाईक हसायला लागलं.

"काका, या बाईंनाच पाठवा माझ्याकडं. हातात यश आहे त्यांच्या."

"यंत्रालासुद्धा माणसाची ओळख असते," थोरली म्हणाली आणि धाकटीकडं पाहायचं तिनं मुद्दाम टाळलं. न पाहण्यातही एक सुख असतं, ते ती चाखत होती.

सासऱ्यानं डोकं खाजवलं. "बरं, मग थोरली जाईल. धाकटे, तू तोवर प्रोग्राम दुरुस्त कर."

गिऱ्हाईक चहाला बसलं. थोरली सर्किट घेऊन आपल्या कोपऱ्यात आली. आता हे पोरांच्या खेळण्यासारखं हातात धरून तर नेता येणार नव्हतं. तिनं अंगठा उचलला, दाबला, पुन्हा उचलला. सॉकेटचा एक पाय अंगठ्याखाली केसाएवढा हलला.

टाका वरून धरल्यासारखा, आत पाय सुटा. कच्चा. डिस्प्लेला आता वाचायचं नाही, लिहून घ्यायचं आहे हे सांगणारा तोच पाय. तो सुटला की चिप कितीही लिहो, काच ऐकत नाही. तिचा अंगठा दाबला की तो टेकायचा. यश हातात नव्हतं, अंगठ्यात होतं.

आणि कच्चा का राहिला तेही तिला लगेच कळलं. तो पाय सोल्डर करताना पलीकडं सासरा धाकटीला म्हणत होता, "पोरी, तू आलीस आणि या धंद्याला डोळे फुटले." थोरलीनं ऐकायला मान वळवली होती. हात राहिला, कान गेला.

टाका तसाच ठेवावा, आळ प्रोग्रामवरच राहू द्यावा, असं तिला वाटलं नाही असं नाही. पण कच्चा टाका तिच्याच्यानं बघवेना. दुसऱ्याच्या ताटात पडलेला केस चालतो, आपल्या हातचा चालत नाही. तिनं सोल्डरिंगची गन तापवली, पाय नीट तापू दिला, सोल्डर सोडलं, टाका फुंकर न मारता थंड होऊ दिला. सर्किट दारावर बसवलं.

नेमकी तेव्हाच धाकटी म्हणाली, "बाबा, मी प्रोग्राममधे चिपला सुरुवातीला थोडा वेळ थांबायला लावलंय. एकदा बघू." तिनं तो भरला, वीज दिली. अक्षरं आली. कोणाचा हात नाही, अंगठा नाही. आकडेही बदलत होते.

"वा," सासरा म्हणाला. "काढलीस खोड शोधून. शिक्षण ते शिक्षणच."

गिऱ्हाईकही मान डोलवायला लागलं. थोरली गप्प बसली असती तर टाक्याची गोष्ट जन्मभर कोणाला कळली नसती. पण धाकटीचं कौतुक तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच टाक्यावर चाललेलं.

"प्रोग्रामानं काही झालं नाही," ती म्हणाली. "टाका कच्चा होता, माझाच. आत्ता मी पक्का केला म्हणून चाललं. हिनं काही केलेलं नाही."

मग सासऱ्यानं सावकाश विचारलं, "म्हणजे हिचा प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता?"

हे थोरलीच्या ध्यानातच आलं नव्हतं. चूल विझवायला म्हणून ओतलं आणि निघालं रॉकेल.

"होता," ती म्हणाली. दुसरं म्हणणार काय.

"मग हिला दुपारभर कशाला बोललो आपण? धाकटीच जाईल उद्या. ठरलं."

धाकटी म्हणाली, "ताईंनाही येऊ दे, बाबा. रस्ता वाईट आहे. हादऱ्यानं काही सुटलं तर मला टाका मारता येत नाही."

"येत नाही हे खरं आहे," थोरली म्हणाली. "हिचं सोल्डर म्हणजे शेळीच्या लेंड्या." धाकटी हसली, आणि थोरलीचं पोट पुन्हा दुखलं.

सकाळी दोघी टेम्पोतून गेल्या. पुढची जागा थोरलीनं आधीच जाऊन धरली होती. रस्ता खरोखरच वाईट होता. प्रत्येक खड्ड्याला ती मागं वळून यंत्राकडं बघायची आणि तिच्या तोंडावर काळजी नसायची, आशा असायची.

शेडवर यंत्र लावलं. लोक गोळा झाले. धाकटी मधे उभी राहून बटणं दाबत होती, डिस्प्लेवरचं वाचून दाखवत होती, लोक तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. थोरली भिंतीजवळ हातात तापलेली गन घेऊन उभी होती, काही सुटतंय का याची वाट बघत.

संध्याकाळपर्यंत काही सुटलं नाही.