वहिनी आधी ठिपके देते

माझी वहिनी काहीही काढायचं झालं की आधी ठिपके देते. फूल असो, घर असो, नाहीतर बैल असो. मधली लांब ओळ, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत गेलेल्या ओळी. सगळे ठिपके आपापल्या जागी बसले याची खात्री झाली की मगच पहिली रेघ. अंगणात रांगोळी काढताना असंच करतात. पण खेळात वेळ मोजायची वाळूची शिशी उलटी करून ठेवलेली असताना आणि समोर माझे काका ओरडत असताना ही पद्धत चालत नाही.

तो चित्र काढून ओळखायचा खेळ मीच पुण्याहून आणला होता. घरात सगळ्यांना सांगितलं, सहज दिसला म्हणून घेतला. तसं नव्हतं. दुकानात मी खोका उलटून मागचे नियम नीट वाचले होते. चित्र काढणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही, असा त्यात नियम होता. मला नेमका असाच खेळ हवा होता.

मी लाजाळू आहे हे घरच्यांना माहीत आहे. बाहेरच्यांना मी गर्विष्ठ वाटते. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे लोकांना कारण शोधायलाही लांब जावं लागत नाही. दादाचं लग्न वैशाखात झालं आणि वहिनी बेल्ह्याकडून आमच्या मळ्यातल्या घरात आली. तीही कमी बोलणारी. मी पुण्यात नोकरीला, शनिवारी घोडेगावला उतरायचं आणि सोमवारी पहाटेची एसटी पकडायची. त्या मधल्या वेळात आम्ही दोघी एकमेकींना वाट देत घरभर फिरायचो. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो की दोघीही मागे सरायचो आणि मग दोघीही थांबून राहायचो.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मनात वाक्य नीट जुळवून म्हणाले, "वहिनी, आज चहा छान झालाय."

तिचा चेहरा पडला. "रोज साखर कमी पडती का ताई?"

यावर काय बोलायचं ते मी जुळवलेलं नव्हतं. मी कप विसळून ठेवला आणि वर निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी मी मागच्या दारी वाळत घातलेले कपडे आणायला गेले. वहिनी धुण्याच्या दगडावर बसून फोनवर तिच्या आईशी बोलत होती. पाठ माझ्याकडे होती. "बाकी सगळी लई चांगली हायेत गं. ताईच बोलत न्हाईत. मी आवडले नसंल त्यांना. काय चुकलं तेबी कळत न्हाई." मी कपडे न घेताच परत आले.

आणि आता वेळ उरला नव्हता. दादाने चाकणला कंपनीजवळ खोली घेतली होती. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार आणि दोघं जाणार. ती असं समजूनच गेली, तर पुढे वर्षानुवर्षं सणावारी पाहुण्यांसारखं भेटत राहायचं. माझ्या एका आत्याचं आणि आईचं असं आहे. त्यांचं भांडण कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं कसं हेही कोणाला कळत नाही.

तुळशीचं लग्न आम्ही दिवस मावळायच्या आत उरकलं. आमच्याकडे हल्ली सगळंच दिवस मावळायच्या आत उरकतात. पलीकडच्या उसात बिबट्या दिसला होता आणि बांधावर पिंजरा लावलेला होता. शेजारच्या तुकड्यातून आलेले काका-काकू मात्र नंतर चहाला थांबले आणि अंधारात अडकले. दादा म्हणाला, जेवून घ्या, मग गाडीने सोडतो. तेव्हा मी खोका काढला.

काकांनी पहिली चिठ्ठी उचलून डोळ्यांपासून लांब धरली. आतले सगळे शब्द इंग्रजीत होते, आणि शब्द तरी कसले, बर्फाचा माणूस, दीपगृह. काका म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं बर्फ फकस्त रसवंतीवर. ह्यो माणूस कुठनं आणायचा?" मग ते शब्द बाजूला ठेवले आणि प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठ्या लिहिल्या. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला चिकटवली. स्केचपेन माझ्याकडे होतंच.

जोड्या काकांनी लावल्या. पप्पा आणि आई. ते स्वतः आणि काकू. दादा वहिनीशेजारी सरकायला लागला तसे काका गरजले, "तू शिशी धर. नवीन जोडी हाय, डोळ्यानंच एकमेकाला सांगाल. त्या दोघी मुक्या एका बाजूला."

सगळे हसले. वहिनीने पदर नीट केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

पहिल्यांदा पप्पा उठले. त्यांनी एक आडवी रेघ मारली, फक्त एक रेघ, आणि आई म्हणाली, "शेततळं."

"वयनी, तुमी चिठ्ठी वाचली!" काका उठून उभे राहिले.

"वाचायची काय गरज? दोन वर्षं दुसरं काय डोक्यात आहे यांच्या?"

मग काकांनी विजेचा खांब काढला. तारा काढल्या, तारांवर एक पक्षी काढला आणि खांबाच्या शेंड्यावर स्केचपेन आपटत राहिले. काकू शांतपणे म्हणाल्या, "वायरमन."

"कसं काय ओळखलंत काकू?" दादाने विचारलं.

"खांब हाय आन् माणूस न्हाई, म्हंजी वायरमनच."

मग आईला चिठ्ठी आली ती मी लिहिलेली होती, मांजर. आईने बरं काढलं होतं, मिशासुद्धा होत्या. पप्पा म्हणाले, "बिबट्या." आईने नकारार्थी मान हलवली. तिने शेजारी दुधाची वाटी काढली. पप्पा म्हणाले, "पाणी प्यायला आलेला बिबट्या." शिशी संपली. आई म्हणाली, मिशा दिसत नाहीत का? पप्पा म्हणाले, त्याला काय मिशा नसतात? नंतर काकूंनी शेळी काढली तर काका थेट "पिंजरा" म्हणाले, कारण त्यांनी एवढ्यात पाहिलेली शेळी बिबट्यासाठी पिंजऱ्यातच बांधलेली होती. आमच्याकडे चार पाय आणि एक शेपूट एवढं दिसलं की पुढे कोणी विचार करत नाही.

आमची पाळी आली. वहिनी उठली, चिठ्ठी वाचली, घडी करून मुठीत धरली आणि ठिपके द्यायला लागली.

काका म्हणाले, "पाऊस! न्हाई, न्हाई, कांद्याचं रोप! अगं सूनबाई, पेरणी चाललीय का चित्र?"

ठिपके सरळ, सारख्या अंतरावर, एकही वाकडा नाही. मी बघत होते. मला काहीतरी म्हणायला हवं होतं, काहीही, चुकीचंसुद्धा. पण चुकीचं मोठ्याने बोलणं मला शाळेपासून जमलेलं नाही. पहिली रेघ ओढेपर्यंत शिशीतली वाळू संपली. चिठ्ठीवर "पणती" होतं.

वहिनी बसताना माझ्याकडे ओझरतं बघून गेली. माझं तोंड बंद होतं. बंद तोंडाचा एकच अर्थ तिच्याजवळ होता, आणि तो मी तिच्या आईशी चाललेल्या फोनवरच्या बोलण्यात ऐकलेला होता.

माझ्या पाळीला मी कॅलेंडरच्या कोपऱ्यात काढलं, तारखेच्या चौकोनाएवढं. वहिनी पुढे वाकून बघत राहिली, ओठ हलले, आवाज आला नाही. काका म्हणाले, "अरे ह्यांना कुणी दुर्बीण द्या रे." ती एसटी होती. आमचे गुण शून्यच राहिले. मला वाटलं, खेळ आणला ही चूकच झाली. न बोलता जवळ यायला आणलेल्या खेळात आम्ही न बोलता आणखी लांब चाललो होतो.

शेवटची फेरी आली. काकांनी जाहीर केलं की निकाल लागलेलाच आहे, पण रीत म्हणून त्यांनाही पाळी द्या. वहिनी उठली. चिठ्ठी बघून तिने क्षणभर विचार केला आणि परत ठिपके.

"आली पेरणी," काका म्हणाले.

मधली ओळ. वरची, त्याच्या वरची. खालची, त्याच्या खालची. मग तिने हात लांब नेला आणि सगळ्यांपासून सुटे असे ठिपके दिले, चारी कोपऱ्यांना एकेक. आणि वर मधोमध एक.

ते सुटे ठिपके मला माहीत होते.

"कासव," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. वहिनी मात्र थांबली. हातात स्केचपेन तसंच.

"कासव!" या वेळी मी बहुतेक ओरडले, आणि ओरडल्यावर मला थांबता येईना. "नवरात्राच्या आधी काढलं होतंत ना, तेच. त्या दिवशी आईने हाक मारली आणि शेपूट राहिलं. मग दुपारपर्यंत ते बिनशेपटाचंच होतं, पप्पांनी सायकल बाजूने नेली. त्याच्या आदल्या आठवड्यात कमळ होतं, आणि त्याच्या आधी ते दोन पोपट, त्यातल्या एकाची मान जरा..."

 सगळे माझ्याकडे बघत होते. या घरात मी इतकं सलग कधी बोलले असेन असं मला आठवत नाही. दादा शिशीकडे बघायचं विसरला होता.

वहिनीने विचारलं, "तुमी बघता?"

"रोज. म्हणजे शनिवारी-रविवारी. मी घरी असते तेव्हा."

"वरच्या खिडकीतनं?"

"हो."

"पडदा हालायचा," ती हळूच म्हणाली. "मी वर बघितलं की तुमी आत व्हायचा. मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून."

"तुम्ही काढायचं थांबवाल म्हणून मी आत व्हायचे," मी म्हणाले. "कोणी बघत असलं की माझा हात चालत नाही. मला वाटलं, तुमचंही तसंच असेल."

ती काहीतरी बोलणार होती. पण काकांना आता वेगळीच काळजी लागली होती. "थांबा, थांबा. हे धरायचं न्हाई. चित्र कुठंय? कासव दाखवा मला. ठिपक्यावरनं वळखलं म्हंजी काय? उद्या कोरा कागद दावून म्हणाल हत्ती."

दादाने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. वाद घालणं माझ्याच्याने होत नाही.

"का नाय धरायचं?"

हा आवाज कोणाचा, ते कळायला सगळ्यांनाच वेळ लागला. वहिनी भिंतीपाशी उभी होती, पदर कमरेला खोचलेला, स्केचपेन काकांकडे रोखलेलं. "काका, तुमच्या खांबावर वायरमन व्हता का? न्हाई ना? तरी धरला ना तुमी? मग आमचं कासवबी धरायचं. तुमचा माणूस न दिसता चालतो, आन् आमच्या कासवाचे पाय मोजून दावायचे?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. पप्पा हसत हसत आडवे झाले. काका दादाकडे वळून म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारातली पोर हाय रं ही, सौद्यात ऐकायची न्हाई. तू चाकणला नीट राहा बाबा. धर, धर, एक गुण धर त्यांचा."

एक गुण मिळूनही आम्ही शेवटच्याच राहिलो. वहिनी परत येऊन बसली. मध्ये जागा होती ती तशीच होती, पण तिने तिथे लाह्यांची ताटली ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. "पोपटाच्या मानेचं काय म्हणत व्हता?"

"जरा जाड झाली होती."

"झाली व्हतीच," ती म्हणाली. "मलाबी दिवसभर सलत व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी कप घेऊन खिडकीशी गेले. पडद्याला हात लावायच्या आत खालून आवाज आला. "ताई, वरनं नको. खाली या." मी खाली गेले. तिने सडा टाकून ठेवला होता. ठिपके तिने दिले आणि रेघा मला ओढायला लावल्या. माझ्या रेघा वाकड्या गेल्या आणि एका ठिकाणी मी एक ठिपका गाळून पुढच्याला जोडला. तिने पुसला नाही. म्हणाली, राहू दे, टेम्पोचं चाक जाणारच आहे त्यावरून. टेम्पोत गॅसची शेगडी, पलंग आणि आईने दिलेली हरभऱ्याच्या डाळीची गोणी चढली, आणि चाक खरंच त्याच ठिकाणावरून गेलं.

चाकणच्या खोलीपुढे अंगण नाही. दार उघडलं की चपला आणि लगेच जिना. वहिनी उंबऱ्यापाशी वीतभर जागेत रांगोळी काढते आणि ठिपके देऊन झाले की रेघा ओढायच्या आधी फोनवर त्याचा फोटो पाठवते. मी पुण्यात बसथांब्यावर उभी असते. ओळखून एक शब्द पाठवायचा, एवढंच आमचं बोलणं. पण ते रोजचं आहे. कधी मी बरोबर असते. चुकले तर चुकले, तिच्यापुढे मला चुकायला काही वाटत नाही.

परवाच्या फोटोत ठिपके कसेही पडले होते, दाट-विरळ, ओळ नाही, कोपरा नाही. मी पाऊस म्हटलं. लाह्या म्हटलं. काकांची आठवण होऊन कांद्याचं रोपसुद्धा म्हटलं. शेवटी हरले म्हणून कळवलं आणि पुढचा फोटो मागितला.

तिचं उत्तर आलं, "पुढचा न्हाई. एवढंच हाय. बिबट्या."