खाटेवर आडवे झालेले साहेब

कट्टा गावाजवळच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात मी तेव्हा स्वयंपाकाला होते. वर्षातून एकदा सरकारी साहेब तपासणीला यायचे. ते भिंती बघायचे, चहा प्यायचे आणि सही करायचे. त्या दिवशी आमचे व्यवस्थापक सगळ्यांच्या उशाजवळचे पाण्याचे तांबे उचलायला लावायचे. मी ते चिंचेने घासून फळीवर रांगेत मांडायची. शोभा दिसायची.

एका वर्षी नवीन साहेब आले. नाव मी विचारलं नाही. बारीक माणूस, सदरा घामाने भिजलेला. भिंतींकडे त्यांनी पाहिलंच नाही. वहाणा काढल्या आणि सरळ एका रिकाम्या खाटेवर आडवे झाले. मग हात लांब करून चाचपडत म्हणाले, "मला तहान लागली आहे."

मी तांब्या घेऊन धावले.

"तुम्ही देऊ नका, बाई. मला इथूनच घ्यायचा आहे."

व्यवस्थापक हसले. शेजारच्या खाटेवरची पायांनी लुळी म्हातारी हसली नाही. "माका पण गावणा नाय रे झिला," लेकाला सांगावं तसं ती म्हणाली. "सकाळपासून बघतंय."

साहेबांनी उठून तिला स्वतः पाणी पाजलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या तपासणीपर्यंत व्यवस्थापक शहाणे झाले होते. मला म्हणाले, "आज एकय खाट रिकामी ठेवू नको गो." तांबे मात्र फळीवरच मांडायचे होते. मी मांडले. म्हातारीचा तेवढा खाटेखाली, तिच्या हाताशी सरकवला. या खेपेला साहेब परत जुनेच, भिंती बघणारे होते, आणि ते कधी वाकून बघत नसत.