भरतीच्या वेळेची शाळा

त्या वर्षाचा अहवाल मीच इंग्रजीत लिहिला, कारण शाळेत इंग्रजी लिहिणारी मी एकटीच होते. वर्ष चांगलं गेलं, असं त्यात म्हटलं आहे. ते खरं आहे. कसं गेलं, हे लिहायला त्यात जागा नव्हती.

मुंबईच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन मी गावी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या गावच्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या नारळीच्या वाडीतल्या पडवीत मुलींचा खाजगी वर्ग काढला होता, तिथे मी शिकवू लागले. मुली अठरा. त्यातल्या निम्म्या खाडीपलीकडून होडीने येत. काही मुसलमान व्यापाऱ्यांच्या, काही भातशेती करणाऱ्यांच्या. पहिल्याच दिवशी गुरुजींनी स्पष्ट सांगितलं, "तपासणीच्या दिवशी वर्ग भरलेला दिसला नाही, तर शिक्षणखातं मान्यता देणार नाही. मग मी हा खटाटोप बंद करीन."

मी माझ्या शाळेसारखं वेळापत्रक केलं. अकरा ते पाच. ते सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावलं आणि हजेरीपटाशेजारी लाल शाईची दौत ठेवली.

पलीकडच्या मुली कधी वेळेवर येत, कधी साडेबाराला, कधी दोनलाच घरी जाऊ द्या म्हणून दाराकडे बघत बसत. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची मला सवय नव्हती. उशीर झाला की नावापुढे लाल खूण करायची, एवढंच करत राहिले. एकदा त्यांच्यातली सर्वांत लहान मुलगी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली. मी तिला तासभर दाराबाहेर उभं केलं. ती रडली नाही. उन्हात तो चिखल तिच्या पायांवर वाळून पांढरा पडत गेला, तो मी खडू हातात धरून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी होडीवाला मुलींबरोबर वर आला. अंगणातच उभा राहिला.

"बाई, पोरी उशिरा न्हाय आल्या. पानी उशिरा आलं. ती लाल शाई पान्याला लावा."

मुली हसल्या. मी म्हटलं, "शाळेची वेळ अकराची आहे."

"ती तुमच्या घड्याळाची. आज तीथ काय हाय?"

मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं; त्यात तिथी नव्हत्या.

"तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघंल. अष्टमीला सा वाजता भरती. मंग बाराला निसता चिखल. होडी काय चिखलात वल्हवू?" जाता जाता तो म्हणाला, "येवढं तर आमच्या बकरीला बी म्हाईत हाय."

त्या दुपारी मी गुरुजींकडून पंचांग मागून घेतलं आणि महिनाभराचं गणित मांडलं. प्रत्येक लाल खूण ओहोटीवर पडत होती. एकही चुकार निघाली नाही.

मी नवीन वेळापत्रक केलं. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास नऊ ते दोन, चतुर्थी-पंचमीला एक ते साडेपाच, अष्टमीच्या आसपास सकाळी लवकर यायचं, दुपारचा डबा इथेच खायचा आणि पाणी चढलं की निघायचं. अलीकडच्या मुली कुरकुरल्या. "आमच्या दारात कुठं खाडी हाय, बाई?" गुरुजींनी चष्मा काढला. "खात्याला काय सांगू? शाळा पंचांगावर चालते म्हणून?"

"वर्ग भरलेला दिसेल," मी म्हटलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, पण वेळापत्रक काढून टाकलं नाही.

हिवाळ्यात तपासणीचं पत्र आलं. खात्याचे साहेब दौऱ्यावर होते, सकाळी अकराला पोचणार होते. मी तीथ पाहिली. वद्य पंचमी. अकराला पाणी ओसरलेलं असणार. वेळ बदलून मागा, असं मी गुरुजींना दोनदा सुचवलं. "साहेबाला वेळ आपण द्यायची नसते," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी अकराला पडवीत नऊ मुली होत्या आणि नऊ रिकाम्या जागा. गुरुजी फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. साहेबांचा पत्ता नव्हता. बारा वाजले. एक वाजून गेल्यावर वाटेवरून आवाज आले. पुढे मुली होत्या आणि मागे साहेब, विजार वर दुमडलेली, बूट हातात. त्यांचा मुक्काम पलीकडच्या गावी होता. तपासणीसाठी लवकर निघालेल्या मुलींबरोबर तेही अडीच तास पाण्याची वाट पाहत धक्क्यावर बसून होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी पाढे आणि वाचन तपासून टाकलं होतं.

त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक सावकाश वाचलं. मग हजेरीपट उघडला.

"सुरुवातीला या एवढ्या लाल खुणा कसल्या? मुली नियमित नव्हत्या?"

गुरुजी काहीतरी सांगू लागले. सर्वांत लहान मुलगी पहिल्या ओळीत बसून माझ्याकडे पाहत होती.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "मला भरती मोजता येत नव्हती."

साहेबांनी आपल्या ओल्या विजारीकडे पाहिलं आणि शेरेबुकात लिहिलं: हजेरी समाधानकारक, वर्ग चालू ठेवावा.

संध्याकाळी मुलींना सोडायला मी पहिल्यांदाच धक्क्यापर्यंत गेले. होडीवाला दोर सोडत होता.

"काय बाई, साहेबाला लावली का लाल शाई?"

"लावली असती," मी म्हटलं, "पण त्यांचं नाव माझ्या हजेरीपटात नाही."

तो मोठ्याने हसला. होडी निघाली. सर्वांत लहान मुलगी काठाला धरून बसली होती, तिचे पाय कोरडे होते.