डोंगरावर स्वल्प चालत नाही

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात फी भरायच्या रांगेत होते. पलीकडून अप्पा एवढंच म्हणाले, "अक्का गेली. घरी ये." संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं आणि त्या माणसांनी कारणही ठरवून टाकलं. या वयात डोंगर चढायचे म्हणजे काय, हृदय थकणारच... बिचारी, एकटी होती, सांगणारं कोणी नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझा राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे. अक्का यशवंतपूरला, कारखान्याच्या ऑफिसातून सुटून, अगदी सपाट रस्त्यावर बसची वाट बघताना गेली. डोंगरानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. आणि बिचारी तर ती कधीच नव्हती.

ती अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. पण बंगळूरच्या जुन्या मराठी घरांत चालतं तसं लहानथोर सगळेच तिला अक्का म्हणत. तिनं लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की "वेळ झाला नाही" म्हणायची आणि पुढे बोलायला जागाच ठेवायची नाही. महिन्यातला एक रविवार मात्र ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर डोंगरावर असायची. नंदी, शिवगंगा, सावनदुर्ग... साडी खोचून, पाठीवर पाण्याची बाटली अडकवून. मी आठवीत गेल्यावर तिनं मला आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघींना बरोबर न्यायला सुरुवात केली. शाळा आणि घर यांपलीकडे मला दुसरं जगच नव्हतं, त्यामुळे तो रविवार हातचा जाऊ नये एवढीच माझी तेव्हाची इच्छा होती.

पण पहिल्याच फेरीत तो जायची वेळ आली, आणि तीही एका शब्दामुळे. आमच्या घरांत मुलांचे बूट घेताना आई हटकून म्हणते, "स्वल्प मोठा घे." स्वल्प म्हणजे थोडा. हा शब्द मराठीत पुस्तकात असेल, आमच्या तोंडी तो कानडीतून आला, दुकानांतून आणि रिक्षांतून. पोरीचा पाय वाढतोय, बूट पुढच्या वर्षीही पुरायला हवा, म्हणून पुढे कापूस कोंबायचा आणि नाडी आवळायची. शाळेच्या प्रार्थनेला उभं राहण्यापुरतं ते ठीकच असतं. नंदीवरून उतरताना माझा पाय आत पुढे-मागे सरकत राहिला, कापसाचा गोळा झाला, टाचा सोलवटल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. शेजारच्या सुमाच्या बुटाचा गुळगुळीत तळ खडकावरून घसरला आणि गुडघा फुटला. अप्पांनी आमची ती वरात बघितली आणि जाहीर केलं, मुलींचे पाय या कामाचे नाहीत, आता पुरे. अक्का तिथंच उभी होती. "पाय चांगले आहेत, रघू," ती म्हणाली. "बूट तू घेतलेस." बराच वाद झाला आणि शेवटी अप्पांनी अट घातली की आणखी एकदाच, आणि पोरगी पुन्हा पायाला काही लागून आली तर कायमचं बंद.

मग तिनं आम्हाला आयांसकट मल्लेश्वरमच्या एका दुकानात नेलं. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरानं पाय फुगतो आणि डोंगरावरही तो फुगणारच. दुकानदारानं घोट्यापर्यंतचे भारी चामडी बूट पुढे केले, तर महिन्यातून एकदा जाणाऱ्या पोरींना हिमालयाचे बूट कशाला, म्हणून तिनं ते बाजूला सारले. ते मऊ पडायच्या आत पाय वाढून जाईल, हेही ऐकवलं. मागच्या फळीवरून तिनं काढायला लावले ते बांधकामावरची माणसं घेतात ते, जाड रबरी तळाचे कॅनव्हासचे स्वस्त बूट. तळाच्या खाचांवरून अंगठा फिरवायची, बूट हातानं वाकवायची. बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर परत. आम्हाला घरूनच जाड मोजे घालून यायला सांगितलं होतं. बोटं पुढे मोकळी हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. आई हळूच म्हणाली, म्हणजे हेही स्वल्प मोठंच की! अक्का म्हणाली, हे मापून आहे, तुमचं भीतीनं असतं. दुकानापुढे स्कूटर चढवायचा सिमेंटचा उतार होता, त्यावरून तिनं प्रत्येकीला खाली चालायला लावलं. माझी बोटं पुढे आपटत होती. दुकानदार कंटाळला होता. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, अक्का," तो म्हणाला, थोडं सांभाळून घ्या.

अक्कानं माझ्या पायातला बूट उतरवून त्याच्या हातात दिला. "बूट अ‍ॅडजस्ट होणार असेल तर घेते. पोरगी अ‍ॅडजस्ट होणार असेल तर नको."

लग्नाबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही तिनं तेव्हाच देऊन टाकलं, असं मला आता वाटतं.

त्या बुटांनी मी सावनदुर्गाचा उघडा कातळ चढले आणि बसून सरपटण्याऐवजी चालत उतरले. अप्पा बस स्टॉपवर उभे होते. घरी आल्या आल्या त्यांनी मोजे काढायला लावून पाय उलटसुलट बघितले आणि पेपर उचलला. रविवार माझा राहिला. तो अक्कानं भांडून मिळवून दिला होता, आणि हे ज्यांना दिसत नाही त्यांनी तिला खुशाल बिचारी म्हणावं, माझी हरकत राहीलच.

बाराव्याच्या आदल्या दिवशी गुरुजी सामान बघायला आले. गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री आणि वहाणा दान देतात, पुढच्या वाटेवर त्याचे पाय पोळू नयेत म्हणून. काकांनी कुठल्या तरी चपला आणून ठेवल्या होत्या. गुरुजींच्या पायाला त्या केवढ्या तरी मोठ्या, हे लांबूनही दिसत होतं. काका म्हणाले, दानाचंच तर आहे, स्वल्प मोठं असलं तर काय बिघडलं? मी तोंड उघडणार तोच अप्पा उठले.

"गुरुजी, चला माझ्याबरोबर. पायाचं माप घ्यायचं आहे."

गुरुजी चामडं नको एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी धोतर सावरत, जाड तळाचे कॅनव्हासचे बूट घालून, ते दुकानात फेऱ्या मारत होते. लोक बघत होते, गुरुजी संकोचले होते, आणि अप्पा खाली वाकून त्यांची टाच चाचपत होते. शेवटी गुरुजी म्हणाले, "चालेल हो, चालेल."

"चालेल नको, गुरुजी," अप्पा म्हणाले. "नीट बघून सांगा. तिला लांब चालायचंय."