रुमालाखाली मोडलेलं हाड

रुमालाखाली त्याने माझी बोटं धरली आणि पिळली. काडकन आवाज आला. तो हसत होता.

जुन्नरचा आठवडी बाजार. शेरडांचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून आकडा सांगायचा. त्याने आकडा सांगितलाच नाही. मोठ्या घरचा दलाल. माझ्यासारखीने बरोबरीने सौदा करावा, हे त्याला कधीचं सलत होतं. मी मुलगा म्हणून जन्मले. घराने मारून हाकललं. ऑपरेशन करून घेतलं, बाई झाले, घाटघरच्या लोकांची शेरडं विकून पोट भरू लागले.

"बांगडीवानी फुटली की रं हिची बोटं!" तो ओरडला. "ना बाई, ना बाप्या!"

बाजार हसला. ज्यांच्या शेरडांना मी भांडून भाव मिळवून दिला, तेही हसले.

गावातल्या डॉक्टरने हात लावला नाही. लांबूनच म्हणाला, "टाळ्या लई जोरात पिटल्या काय?"

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो काढला. प्लास्टर घातलं. म्हणाल्या, "एवढ्याने हाड मोडत नसतं. ऑपरेशननंतर हाडं राखणारं हार्मोन तुमचं शरीर पुरेसं बनवत नाही. ते बाहेरून घ्यावं लागतं. गोळ्या का सोडल्या?"

का सोडल्या? माझ्यासारख्या आम्ही सगळ्या संततिनियमनाच्याच गोळ्या घ्यायचो, त्यांत बाईचं हार्मोन असतं म्हणून. मेडिकलवाला चारचौघांत ओरडायचा, "हिला पाळणा लांबवायचाय, द्या रे!" लाजेने सोडल्या. अंग मऊ राहायला असतात, एवढंच ठाऊक होतं.

तेव्हा डोकं सणकलं. दलालाने फक्त शेवटचा पीळ दिला होता. हसणाऱ्यांनी माझी हाडं आधीच पोखरली होती. आणि मी लाजून त्यांना पोखरू दिली होती.

पुढच्या आठवड्यात प्लास्टरसकट बाजारात उभी राहिले. दलालाने रुमाल झटकला.

"दे हात, नाजूकबाई."

मी रुमाल हिसकावला, लेंड्यांत टाकला, वर पाय दिला. प्लास्टरचा हात त्याच्या थोबाडावर हाणला. ओठ फुटला. माझ्या खांद्यापर्यंत कळ गेली.

"भाव तोंडानं बोल, भाऊ. समद्यांम्होरं."

कुणी हसलं नाही. रक्त पुसत तो भाव बोलला.

आता मेडिकलमध्ये मीच मोठ्याने गोळ्या मागते. हाडं ठिसूळ आहेत, लपवत नाही. पण जुन्नर असो की घोडेगाव, माझा हात रुमालाखाली जाणार नाही. पुन्हा कुणी पिळायला आलं, तर मोडेल ते हाड माझं नसेल.